शाल नको, खटला चालवा

इथे विलायतेत, आमच्या मराठी मंडळात कुणाला पदावरून काढायचं झालं की त्याचा सत्कार करतात. ही पद्धत कुठे लिहून ठेवलेली नाही, पण पिनरपासून स्टॅनमोरपर्यंतच्या प्रत्येक मराठी माणसाला ती ठाऊक आहे. नाटक बसवणारे गृहस्थ सलग तिसऱ्या वर्षी स्वतःच नायक झाले, तेव्हा त्यांना शाल मिळाली. वार्षिक अंकाच्या संपादकांनी निम्मा अंक स्वतःच्याच कवितांनी भरला, त्यांनाही शाल मिळाली. सोबत नारळ असतोच. तो हातात पडला की शहाण्या माणसानं ओळखावं, पुढच्या मीटिंगचा मेसेज आपल्याला येणार नाही.

हे सगळे सत्कार नेटकेपणानं पार पाडणाऱ्या बाई म्हणजे आमच्या कार्यवाह, वत्सलाकाकू कर्णिक. शाल किती जाड घ्यायची, नारळ कुणाच्या हस्ते द्यायचा, सत्कारमूर्तीला किती मिनिटं बोलू द्यायचं, सगळं त्याच ठरवत. त्यामुळे गेल्या वर्षी कमिटीनं गुपचूप त्यांचाच सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा ही गोष्ट त्यांच्यापासून लपेल असं ज्यांना वाटलं त्यांच्या भाबडेपणाचं मला अजून कौतुक वाटतं.

काकू माझ्या शेजारी, स्टॅनमोरला, एका घराआड राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट आणि आवाज असा की त्यांनी रस्त्यात नुसतं नाव घेतलं तरी माणूस हातातली पिशवी खाली ठेवून उभा राही. तो आवाज नोकरीनं घडवलेला. लग्न होऊन दादरहून इथे आल्या आणि पुढे वीस-बावीस वर्षं कोर्टात अशर होत्या. काळा गाऊन घालून साक्षीदारांची नावं पुकारायची, त्यांना शपथ द्यायची, जज्ज आत आले की सगळ्यांना उभं करायचं. रिटायर झाल्या तरी सवय गेली नाही. त्यांच्याकडे जेवायला गेलं आणि आपण मराठी रीतीनं “नको, नको, पोट भरलं” म्हटलं, की डाव हवेतच थांबवून त्या विचारत, “शपथेवर?” मग खरं सांगावं लागे आणि आणखी दोन चमचे बिरडं पानात पडे.

ज्यूरी निकालाचा विचार करायला आत गेली की अशरला तासन्‌तास नुसतं बसून राहावं लागतं. बाकीच्या बायका त्या वेळात विणायच्या. काकूंनी महाभियोग वाचले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष, मंत्री, न्यायाधीश अशा बड्या धेंडांवर जे खटले चालले ते सगळे. कुणावर काय आरोप होता, कोण रडलं, कोण सुटलं, हे त्यांना घरच्या लग्नातल्या मानापमानासारखं पाठ होतं. मूळ कल्पना इंग्रजांची, हे त्या आवर्जून सांगत. इथल्याच पार्लमेंटच्या जुन्या हॉलमध्ये हिंदुस्थानच्या एका गव्हर्नर जनरलवर सात वर्षं खटला चालवला आणि शेवटी त्याला निर्दोष सोडलं. पुढे इंग्रजांनी ही वस्तू जुन्या सुटकेससारखी लॉफ्टवर टाकली आणि विसरून गेले. अमेरिकेनं मात्र ती वापरात ठेवली.

त्यांना सगळ्यात आवडायचा तो खटल्याचा थाट. खालचं सभागृह आरोप ठेवणार, वरचं सभागृह, म्हणजे सिनेट, खटला ऐकणार. सुरुवातीला एक अधिकारी उभा राहून पुकारा करतो, की सगळ्यांनी गप्प बसावं, नाहीतर तुरुंगात टाकू. मग एरवी अखंड बोलणारे ते शंभर सिनेटर शाळेतल्या मुलांसारखे मुकाट बसतात. चहा नाही, कॉफी नाही. पाणी चालतं, आणि कुठल्याशा जुन्या रिवाजानं दूध चालतं. काकू म्हणत, बाकी सगळे शोभेचे, खरं राज्य त्या ओरडणाऱ्याचं.

घरातही त्यांनी हे तंत्र राबवलं होतं. मोहनकाका, म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेत सिग्नलचं काम करायचे. अतिशय गरीब माणूस. त्यांच्यावर चार वेळा महाभियोग झाला. एकदा सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, बरणी वासामुळे बागेत नेऊन ठेवली आणि कोल्ह्यानं फस्त केली म्हणून, एकदा स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाला क्रिकेट बघायला गेले म्हणून. उरलेले दोन सांगण्यासारखे नाहीत. चारही वेळा ते निर्दोष सुटले, कारण वरचं सभागृह म्हणजे काकूंच्या सासूबाई. “अमेरिकेत आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला सिनेटनं दोषी ठरवलेलं नाही,” काकू सांगत, “काढले गेले ते सगळे न्यायाधीश. माझ्या घरी तरी वेगळं काय होणार होतं?” सासूबाई गेल्या, मग सहा वर्षांपूर्वी मोहनकाकाही गेले. मुलगा अमेय ब्रिस्टलला, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. काकू घरात एकट्या राहिल्या आणि मंडळाचं काम दुप्पट जोमानं करू लागल्या.

आता गणपतीचं सांगते. आमचा गणपती दरवर्षी पिनरच्या एका चर्च हॉलमध्ये बसतो. हॉल बुक करायचं काम काकूंचं. गेल्या वर्षी आम्ही सगळे नटूनथटून, मोदकांचे डबे आणि सीटबेल्ट लावलेली मूर्ती घेऊन पोचलो, तर आत पन्नास इंग्रज आजी-आजोबा बॉलरूम डान्स करत होते. हॉल आमचा नव्हताच, आमचा पुढच्या शनिवारी होता. त्यांच्यातल्या एका बाईंना आमची दया आली आणि चहाच्या सुट्टीतली वीस मिनिटं त्यांनी आम्हाला दिली. स्टेजच्या कडेला मूर्ती ठेवून आम्ही आरत्या म्हटल्या. इंग्रज मंडळींनी टाळ्यांचा ताल इतका चोख धरला की आमच्यातले काही जण लाजले. काकूंनी तिथेच जाहीर केलं, की हॉलच्या ऑफिसनं घोळ घातला आहे आणि आपण त्यांना कडक पत्र लिहिणार आहोत.

पत्र लिहिलं. उत्तरादाखल ऑफिसनं काकूंचाच मूळ ईमेल पाठवला. त्यात तारीख पुढच्या शनिवारची होती आणि ती काकूंनी स्वतः, दोनदा, लिहिली होती.

ते उत्तर आमच्या अध्यक्षांकडे, अरविंदराव सबनीसांकडेही गेलं होतं. अरविंदराव म्हणजे मोहनकाकांचे जुने मित्र, कुणालाही वाईट बातमी द्यायची वेळ आली की आधी खोकणारे. काकूंना वगळून त्यांनी कमिटीची एक व्हिडिओ कॉल मीटिंग घेतली. बराच वेळ खोकले. मग म्हणाले, “वहिनींचं वय झालं आता. आपण त्यांचा ग्रेसफुली, म्हणजे अगदी ग्रँड, सत्कार करू या.” आम्ही दहाही जणांनी माना हलवल्या. ईमेलचा विषय कुणीच काढला नाही, मीही काढला नाही.

चौथ्या दिवशी काकू अरविंदरावांच्या दारात. त्यांना कसं कळलं हे गूढ नाही. वेम्बलीच्या ज्या दुकानातून मंडळाच्या शाली येतात, त्या दुकानदारानं रंग विचारायला नेहमीप्रमाणे काकूंनाच फोन केला होता.

अरविंदरावांनी मला नंतर सांगितलं, की त्यांनी आधी राजीनाम्याचा हळुवार रस्ता सुचवला. तर काकूंनी त्यांना अमेरिकेतल्या एका युद्धमंत्र्याची गोष्ट ऐकवली. आरोपावर मतदान होणार म्हणताच तो धावत राष्ट्राध्यक्षांकडे गेला, रडला, राजीनामा दिला, तरी खटला चुकला नाही. मग काकूंनी पर्समधून मंडळाची घटना काढली. ती त्यांनीच फार वर्षांपूर्वी लिहिलेली, आणि आमच्यापैकी कुणीही सहाव्या पानापलीकडे वाचलेली नव्हती. अकराव्या पानावर महाभियोगाचं कलम होतं. आरोपपत्रावर तीन सभासदांच्या सह्या, खटला कमिटीपुढे, अध्यक्ष आणि आरोपी यांना मत नाही, दोन तृतीयांशांनी निकाल, आणि प्रत्येकानं उभं राहून मोठ्यानं दोनच शब्दांपैकी एक शब्द उच्चारायचा. दोषी किंवा निर्दोष.

“शाल नको,” काकू म्हणाल्या, “खटला चालवा.”

पंचाईत अशी, की आरोपपत्रावर सही करायला कुणी तयार होईना. तेव्हा आरोपी स्वतः घरोघर फिरली. सोबत सोड्याची खिचडी. काकूंच्या हातची ती खिचडी खाऊन भलेभले विरघळतात. तीन सह्या झाल्या. मग काकूंनी मतांसाठी दुसरी फेरी काढली. दहा मतं, त्यातली सात हवीत. निवडून येण्यासाठी दारोदार जाणारे पुष्कळ पाहिले होते, स्वतःला दोषी ठरवा म्हणून प्रचार करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. सगळ्यांनी खिचडी खाल्ली आणि सगळे “हो, हो, काकू, नक्की” म्हणाले. “शपथेवर?” विचारल्यावरही म्हणाले.

मी शाकाहारी, म्हणून माझ्याकडे वालाचं बिरडं आलं. शनिवारची दुपार होती. काकू किचनमधल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी अमेरिकेत सगळ्यात पहिल्यांदा काढल्या गेलेल्या न्यायाधीशाची गोष्ट सुरू केली. ती मी आधी खूपदा ऐकली होती. तो दारू पिऊन कोर्टात यायचा आणि भलतंच बरळायचा. काकू ती नेहमी नक्कल करून सांगत आणि आम्ही हसत असू. त्या दिवशी त्यांनी नक्कल केली नाही.

“त्याच्या मुलानं लिहून कळवलं होतं, वडिलांचं मन ठिकाणावर नाही म्हणून,” त्या म्हणाल्या. “मग दोष कसला? पण त्याला खुर्चीवरून उठवायला दुसरा रस्ताच नव्हता. शेवटी सिनेटरांनी प्रश्नच बदलला. गुन्हा केला का, असं विचारलंच नाही. आरोपात लिहिलंय तसं घडलं का, एवढंच विचारलं.”

मी म्हटलं, “काकू, एक तारीख चुकली हो. माझ्या तर रोज चुकतात.”

“हेच. हेच सगळे म्हणतात.” त्यांनी डब्याचं झाकण उगीचच लावलं आणि पुन्हा काढलं. “मृणाल, तुझे काका होते तोवर माझं चुकलं की सांगणारं माणूस घरात होतं. दिवसाला दहा वेळा सांगायचे, मी भांडायचे. आता मी एकटी. मी काही विसरले तर मी विसरले हे मला कळणार कसं? तो ईमेल वाचला तेव्हा मला वाटलं, हा कुणी दुसऱ्यानंच लिहिलाय. आणि तुम्ही सगळे मला शाल घालायला निघालात. मला भीती वाटते गं.”

वत्सलाकाकूंच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी बिरड्याची तारीफ केली, याची मला अजून लाज वाटते. कारण मला माहीत होतं. गेल्या महिन्यात त्यांनी माझी बेल वाजवून या आठवड्यात कचऱ्याचा निळा बिन बाहेर काढायचा की तपकिरी, हे विचारलं होतं, आणि तासाभरानं पुन्हा येऊन तेच विचारलं होतं. असं बऱ्याचदा झालं होतं, आणि प्रत्येक वेळी मी पहिल्यांदाच ऐकतेय अशा चेहऱ्यानं हसून उत्तर दिलं होतं.

खटला रविवारी सकाळी, हॉलच्या मागच्या छोट्या खोलीत. काकू स्वतःच्या पैशानं शिवून घेतलेला जुना काळा गाऊन घालून आल्या. पुकारा करायलाही दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आरोपीनंच पुकारा केला, की सर्वांनी शांत बसावं, बोलेल त्याला स्वयंपाकघरात कोंडण्यात येईल. मग पेयांचा प्रश्न निघाला. चहाशिवाय मराठी मीटिंग ही कल्पनाच कमिटीला झेपत नव्हती. तेव्हा सबनीसवहिनींनी एक मोठा थर्मास पुढे केला. मसाला दूध. काकूंनी झाकण उघडून वास घेतला, केशराची काडी बोटावर घेऊन पाहिली आणि दूध नियमात बसतं असा निर्णय दिला. वेलदोड्याबद्दल घटना गप्प होती.

आरोपही त्यांनीच वाचला. एकच कलम. कार्यवाहांनी हॉलची तारीख चुकवली, आणि चूक स्वतःची असताना हॉलच्या ऑफिसवर ढकलली. बचावात काही म्हणायचंय का, असं अरविंदरावांनी खोकून विचारलं. काकू म्हणाल्या, काही नाही. मग त्यांनी आडनावांच्या क्रमानं पुकारायला सुरुवात केली.

डॉक्टर केळकर उठले, दुधाची मिशी पुसली आणि म्हणाले, की दोषी-बिषी कसलं, काकू आपल्याला आईसारख्या.

“आईसारख्या हे उत्तर नाही, डॉक्टर. दोनच उत्तरं आहेत.”

“मग निर्दोष.”

काकूंनी टिपून घेतलं. पुढचे गृहस्थही निर्दोष म्हणाले. त्यांच्या पुढच्या बाई निर्दोष म्हणून वर रडल्याही. दोन प्लेट खिचडी खाऊन सही करणारे एक जण तर म्हणाले, की सही वेगळी आणि मत वेगळं. प्रत्येक निर्दोषागणिक काकूंचा चेहरा लाल होत होता. माझी सगळी आशा रियावर होती. रिया देसाई हॅरोलाच जन्मलेली, कौन्सिलमध्ये नोकरीला. इथे वाढलेली मुलगी, हिला आपल्यासारखं गोल बोलता येत नसणार, असा माझा हिशोब. रिया उठली आणि म्हणाली, “I mean, काकू, तुम्ही literally legend आहात. सो, निर्दोष, obviously.” तिला आमच्यात मुरवण्यासाठी मंडळानं जे कष्ट घेतले ते असे फळाला आले.

नऊ जण झाले. नऊही निर्दोष. निकाल लागलाच होता, माझ्या मतानं काही बदलणार नव्हतं. माझं आडनाव हर्डीकर, म्हणून मी शेवटी.

“मृणाल हर्डीकर.”

तो कोर्टातला आवाज होता. मी उभी राहिले. मला निर्दोषच म्हणायचं होतं, अगदी ओठांवर होतं. पण काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि इतकी आशा लावून माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही.

“दोषी,” मी म्हटलं.

कुणाचा तरी पेला खाली पडला. अरविंदराव खोकायचं विसरले. काकूंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “तारीख एकदाच चुकली होती. तू आणखी काही पाहिलंयस?”

“हो.”

“किती वेळा?”

“पाच-सहा वेळा, काकू. बिनचं विचारून जाता, आणि पुन्हा येऊन तेच विचारता.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“धीर झाला नाही.”

त्यांनी मान हलवली, आणि माझं म्हणणं पाच-सहा वेळांसकट सभेच्या मिनिट्समध्ये लिहून घेतलं. मग उभं राहून निकाल पुकारला. नऊ विरुद्ध एक, कार्यवाह निर्दोष, पद कायम. सुटकेच्या भरात अरविंदरावांनी खुर्चीखालून शाल बाहेर काढली. काकूंनी ती हातानंच परत खुर्चीखाली ढकलली आणि एक कागद त्यांच्यापुढे ठेवला. राजीनामा होता, आधीच टाइप केलेला. निर्दोष सुटलेल्या माणसाला तो देता येतो, म्हणाल्या, आणि गाऊनची घडी घालू लागल्या.

पुढचे दोन महिने मंडळात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. कोजागिरीला सबनीसवहिनींनी मला अर्धाच पेला दूध दिलं. एका बाईंनी ऐकू जाईल असं म्हटलं, की हल्ली पुण्याहून येणाऱ्या मुलींना मोठ्यांची चाड नाही. मी ऐकून घेतलं. खटल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकूंनी सकाळी आठ वाजता माझी बेल वाजवली होती. पर्स खांद्याला, मिनिट्सची कॉपी हातात. “चल, GP डॉक्टरांकडे जायचंय,” म्हणाल्या. “मी माझं सांगेन, तू तुझं सांग.” मी ऑफिसला कळवलं आणि गेले.

तपासण्या झाल्या. अमेय येऊन-जाऊन राहिला आणि मार्चमध्ये काकूंना ब्रिस्टलला घेऊन गेला.

मे महिन्यात एका शनिवारी मी त्यांना भेटायला गेले. अमेयचं घर छान आहे, उतारावर, मागे बाग. काकूंनी पोहे केले होते, मीठ बेताचं, सगळं जागच्या जागी. स्टॅनमोरच्या एकेका घराची त्यांनी चौकशी केली. आमच्या कोपऱ्यावरचं मोठं चेस्टनटचं झाड कौन्सिल पाडणार होती, ते पाडलं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, लोकांनी सह्या करून थांबवलंय. सह्या किती झाल्या, कुणी पुढाकार घेतला, सगळं त्यांनी बारकाईनं ऐकलं.

दहा मिनिटांनी, माझ्या बशीत आणखी पोहे वाढता वाढता, त्या म्हणाल्या, “आणि कोपऱ्यावरचं ते झाड गं? पाडलं का?”

मी तोंड उघडायच्या आत अमेय म्हणाला, “नाही आई, अजून आहे.” इतक्या सहज, इतक्या मायेनं, की त्यानं याची किती सवय केली असेल ते मला कळलं.

काकूंचा डाव हवेत थांबला. “अमेय, हे मी आत्ताच विचारलं होतं का?”

“छे गं.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. खुर्ची सरकवून त्या माझ्याकडे वळल्या.

“मृणाल?”

अमेय त्यांच्या मागे उभा राहून मला मानेनं नको, नको करत होता.

“हो काकू,” मी म्हटलं. “दुसऱ्यांदा.”

अमेयनं डोळे मिटून घेतले. काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला आणि त्या हसल्या, अगदी पूर्वीसारख्या, मोहनकाकांवरचा आरोप वाचताना हसायच्या तशा. “ऐकलंस?” त्या मुलाला म्हणाल्या. “असं सांगायचं.” मग माझ्या बशीत पोहे वाढले, वर खोबरं घातलं, कोथिंबीर घातली आणि समोर बसल्या.

“बरं,” म्हणाल्या, “आणि ते कोपऱ्यावरचं झाड? पाडलं का गं?”

मी त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. त्या माझी चेष्टा करत होत्या की नव्हत्या, मला ठरवता येईना.

“तिसऱ्यांदा, काकू,” मी म्हटलं.